दमणीत शिकलेली फ्रेंच

"बाईले दिशा कळस नई."

बाईला दिशा कळत नाही, हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य. ते आधी कोण बोललं कुणास ठाऊक, पण मिसरूड न फुटलेला पोरगाही ते अशा थाटात म्हणायचा, की जणू त्याने स्वतः गावातल्या सगळ्या बायका चौफुलीवर उभ्या करून तपासल्या होत्या. जत्रेत एखादी चुकली, की हे वाक्य. शेतात भाकर घेऊन निघालेली नवी सून भलत्याच बांधावर पोहोचली, की हे वाक्य. आबा स्वतः एकदा बैल बघायला पहूरला म्हणून निघाले आणि दुसऱ्याच गावच्या बाजारात जाऊन उभे राहिले, तेव्हा मात्र रस्ता वाईट होता.

आबा म्हणजे माझे थोरले काका, घराण्याचे कर्ते. ते अमळनेरला राहून शेती आणि कापूस बघत. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं अक्काने. अक्का आबांची बहीण, त्यांच्याहूनही वयाने मोठी, ऐन तारुण्यात कुंकू पुसून माहेरी परतलेली. ती आणि मी धुळ्याला दोन खोल्यांत राहत होतो आणि मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझं लग्न झालं नव्हतं. म्हणजे मी होऊ दिलं नव्हतं, आणि त्याबद्दल अमळनेरात काय काय बोललं जातं ते मला वेळच्या वेळी कळत असे.

मोठी लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. तिला तेव्हा कोणी पहिली म्हणत नव्हतं, दुसरी होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या सुमारास मुंबईच्या एका फंडाने मला विलायतेला पाठवायचं ठरवलं. लहान मुलांना कसं शिकवावं, याचं वर्षभराचं शिक्षण. जाण्यायेण्याचा, राहण्याचा सगळा भार त्यांच्यावर. अट एकच होती : घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची लेखी संमती हवी. त्यांनी पाठवलेला तो कागद घेऊन मी आणि अक्का अमळनेरला गेलो.

आबांनी कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. ते हसले. बोट मार्सेयच्या बंदराला लागणार, तिथून आगगाडीने पॅरिस, पॅरिसात एका स्टेशनावर उतरून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या स्टेशनावर जायचं, तिथून पुन्हा गाडी, पुन्हा बोट. विलायतेच्या काठावर मला न्यायला एक बाई येणार होत्या, पण मधल्या अख्ख्या फ्रान्सात मी एकटी. आबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"तठे तुन्ही बोली कोनले कळी? चुकनी म्हंजे चुकनीस." मग सगळ्या बैठकीकडे बघून म्हणाले, "बाईले दिशा कळस नई. पुरुषमानूस संगे राहीन तं मी सही करसू."

पुरुषमाणसाचं भाडं फंड देणार नव्हता, आणि हे आबांना मी आधीच सांगितलेलं होतं. मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि म्हटलं, की मग मी त्या लोकांची बोली शिकते. बैठकीतले सगळे पोट धरून हसले. अक्का तेवढी हसली नाही, पण ती कधीच हसायची नाही, त्यामुळे त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

धुळ्यात फ्रेंच शिकवणारा माणूस कुठे मिळणार? तो माझ्या रोजच्या वाटेवरच होता. शाळेच्या मुलींना घरून आणायला आणि पोहोचवायला एक दमणी ठरवलेली होती. दमणी म्हणजे वर छप्पर, पुढे पडदा असलेली छोटी बैलगाडी. ती हाकणारे नाना लढाईत खेचरांच्या पलटणीत होते. फ्रान्सच्या चिखलात त्यांनी वर्षानुवर्षं खेचरं हाकली होती. तिकडून येताना एक पत्र्याचा मग, पायाला कायमची सूज आणि काही हुकूम एवढं घेऊन आले होते. आणि गप्पा. नानांच्या गप्पांत फ्रान्समधल्या कोंबड्या आपल्या शेळ्यांएवढ्या असत आणि तिथला राजा त्यांना नावाने ओळखत असे. तिथे राजाच नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. नाना म्हणाले, ते रात्री भेटले होते, अंधारात नीट दिसलं नसेल.

पण हुकूम खरे होते. वाटेवरचे हुकूम. आ गोश म्हणजे डावीकडे. आ द्रुआत म्हणजे उजवीकडे. तू द्रुआ म्हणजे नाकासमोर सरळ. आरेते म्हणजे थांबा, देसांदे म्हणजे उतरा, रकूले म्हणजे मागे सरा. आणि मोंत्रे म्वा, म्हणजे मला दाखवा. रस्ता सापडेनासा झाला, की दारात उभ्या असलेल्या कुणाही म्हातारीला हे म्हणायचं, मग ती फाटकापर्यंत येऊन हात करून दाखवते, असं नाना सांगत.

मी शाळेत रोज मुलींना उठा, बसा, लिहा म्हणत होते. पण मोठ्या माणसाला, त्यातून पुरुषाला, 'थांबा' म्हणून हुकूम सोडायची माझ्यावर जन्मात वेळ आली नव्हती. आमच्याकडे बाई पुरुषाला थांबवते ती बांगड्या वाजवून किंवा दाराआडून खाकरून. नानांनी पहिल्या दिवशी मला 'आरेते' म्हणायला लावलं तेव्हा माझा आवाज घशातच अडकला. नाना म्हणाले, "बाई, असं बोलशात तं खेचर बी उभं ऱ्हावाव नई." दुसऱ्या खेपेला मी ओरडले. बैल थांबले, रस्त्यावरचा एक कापूसवाला थांबला, आणि मला फार बरं वाटलं.

मुलींना सोडून परतताना शिकवणी चाले. सोबतीला अक्का असायची. अविवाहित बाईने परक्या माणसाच्या दमणीत एकटीने बसायचं नाही, म्हणून तिला आबांनीच नेमलं होतं. ती माळ ओढत कोपऱ्यात बसायची आणि आमच्याकडे लक्ष नाही असं दाखवायची. नानांनी शिकवण्याची पद्धत काढली ती अशी : घरापर्यंतचा रस्ता मी फ्रेंचमध्ये सांगायचा. मी सांगेन तिकडे दमणी जाणार, चुकलं तर चुकलेल्या जागी जाणार.

"कथा जानं शे, बाई?" वळण आलं, की कुठे जायचं ते नाना विचारत.

पहिल्याच दिवशी आमच्या आळीचं वळण डाव्या हाताला आलं. मी ठणकावून म्हटलं, "आ गोश!" दमणी वळली आणि सरकी काढायच्या जीनच्या आवारात शिरली. कापसाच्या गाड्यांची ही रांग, हमालांची ही गर्दी, आणि मध्ये आमची दमणी. मी नानांवर चिडले. नाना शपथेवर सांगायला लागले, की मी आ गोश म्हणाले आणि ते डावीकडेच वळले. दुसऱ्या दिवशी आम्ही पांझरा नदीच्या काठावर धोब्यांच्या दगडांपाशी पोहोचलो. तिसऱ्या दिवशी एका मारवाडी शेटजींच्या दुकानासमोर, तेही शेटजी जेवत असताना. मला वाटायला लागलं, की आबांचं वाक्य खरंच असावं. हे वाटणं सगळ्यात वाईट होतं. आबा म्हणाले तर चीड येते, आपल्याच मनाने म्हटलं तर कुणावर चिडायचं?

मग एके दिवशी मी नुसती बघत बसले. दमणीच्या मागच्या उघड्या बाजूने धूळ उडत होती, चाकांच्या दोन रेघा आमच्यापासून लांब लांब चालल्या होत्या, आणि माझ्या डाव्या हाताला जे घर होतं ते नानांच्या उजव्या हाताला होतं. मी मागे तोंड करून बसले होते! अक्काही तशीच. त्यात नवल काहीच नव्हतं, आमच्याकडे बायका गाडीत अशाच बसायच्या. हाकणाऱ्याकडे पाठ, पुढचा पडदा पाडलेला, तोंड मागे. समोरून येणाऱ्या पुरुषाला बाईचं तोंड दिसू नये, म्हणून. माझी आई अशीच सासरी आली असेल, तिची आईही. सोडून आलेला रस्ता आम्हाला तोंडपाठ, आणि येणारा रस्ता बघायची सोय नाही. आणि वर म्हणायचं, की बाईले दिशा कळस नई!

मला इतका संताप आला, की मी चालत्या दमणीतच उभी राहिले आणि माझं डोकं छपराला आपटलं. तशीच वळले, पडदा वर फेकला आणि नानांच्या मागे पुढे तोंड करून बसले. समोर रस्ता होता. पांढरा बैल डावीकडे, तांबडा उजवीकडे, दोघांच्या शिंगांमधून दिसणारा धुळीचा सरळ रस्ता, त्यावरची माणसं, दुकानं, कडुनिंब. मी म्हटलं, "आ द्रुआत." दमणी आमच्या आळीत शिरली.

अक्काने माळ थांबवली नाही, तोंडही फिरवलं नाही. "लोके देखतीन," एवढंच ती म्हणाली.

लोकांनी पाहिलं. बाईमाणूस पडदा उडवून, तोंड पुढे करून, बैलांना हुकूम सोडत धुळ्याच्या भर पेठेतून जातं, ही बातमी काही दडून राहणारी नव्हती. पोरं दमणीमागे "मडम, मडम" करत धावायची. दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांना दमणीने पाठवणं बंद केलं. मी पडदा पाडला नाही. पाडला असता तर मला पुन्हा कुठलं वळण कुठे आहे ते कळलं नसतं, आणि खरं सांगायचं तर ते आता मला सहनच झालं नसतं. महिन्याभरात बैल इतके तयार झाले, की नानांनी कासरा ओढायच्या आधीच माझ्या शब्दावर वळायला लागले. नाना म्हणत, खेचरांनासुद्धा इतक्या लवकर फ्रेंच आली नव्हती.

बातमी अमळनेरला पोहोचली आणि आबा स्वतः धुळ्याला आले. दारातूनच म्हणाले, की हे सगळं बंद, कागद फाडून टाक, पुढचं काय ते मी बघतो. पुढचं काय ते म्हणजे चाळीसगावकडचा एक बिजवर, हे मला नंतर कळलं. मी तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच उठले आणि माझ्या तोंडून जे निघालं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

"आबा, आखाजीले मी अंमळनेरले येसू. आगगाडीवर. एकली. आनि आपली बोलीना एक शब्द बोलाव नई. बठ्ठा रस्ता फ्रान्सनी बोलीमा. उनू तं सही करशात?"

एकटी, सगळा रस्ता फ्रेंच बोलत आले, तर त्यांनी सही करायची. धुळ्याहून अमळनेर सरळ रस्त्याने दमणीचा एका दिवसाचा प्रवास. आगगाडीने मात्र तो द्राविडी प्राणायाम : धुळ्याहून चाळीसगावला जायचं, तिथे गाडी बदलून जळगाव, तिथे पुन्हा बदलून तापीकाठच्या लाइनीने अमळनेर. फ्रान्समधल्यासारख्याच गाड्या बदलायच्या, फलाट शोधायचे, सामान न्यायचं. आबांना ही गंमत आवडली. माझी फजिती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असताना, अख्ख्या गोतावळ्यासमोर होणार होती. त्यांनी मान्य केलं. गावांची नावं चालतील, बाकी मराठी नाही, अहिराणी नाही, हिंदी नाही, इंग्रजीही नाही. एक शब्द निघाला, की विलायत संपली. आणि खरं-खोटं बघायला अक्का बरोबर जाईल. तिने मदत करायची नाही, नुसतं बघायचं.

"बठ्ठं देखजो, अक्का," आबा म्हणाले. अक्काने मान हलवली.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. ऊन असं, की स्टेशनच्या पत्र्यालाही घाम फुटावा. तिकिटाच्या खिडकीत मी "अमळनेर" म्हटलं, माझ्याकडे आणि अक्काकडे बोट केलं, आणि शेवटी "सिल वू प्ले" जोडलं. हे 'कृपा करून' नानांनी शिकवलेलं नव्हतं, खेचरांना ते कोणी म्हणत नसावं. ते मी वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून उचललं होतं. खिडकीतल्या बाबूंनी मला विचारलं, कोणत्या मार्गाने? मी बोलले नाही. हिंदीत विचारलं, इंग्रजीत विचारलं. मी हवेत बोटाने चाळीसगाव आणि जळगाव असा वळसा काढून दाखवला आणि तोंडाने फक्त त्या गावांची नावं घेतली. "मुकी असेल बिचारी," बाबू शेजारच्याला म्हणाले आणि तिकिटं कापली. मी मुकी नव्हते, हे सांगायला माझी जीभ वळवळली. गिळलं.

चाळीसगावला उतरलो तेव्हा खरी परीक्षा. जंक्शन ते. मुंबईकडच्या गाड्या, भुसावळकडच्या गाड्या, फलाटावर आखाजीला माहेरी निघालेल्या बायका, गाठोडी, पोरं, पाण्याची मडकी. एक हमाल आमची ट्रंक डोक्यावर घेऊन भलतीकडेच चालायला लागला. मी ओरडले, "आरेते!" तो थांबला. "आ गोश!" आणि हात केला. तो वळला. त्याला फ्रेंच येत होती असं नाही, पण सांगणाऱ्याला कुठे जायचं ते माहीत आहे, हे ऐकणाऱ्याला आवाजावरून कळतं. हे मला बैलांनी शिकवलं होतं. भोवती माणसं जमली.

"हाई बाई काय बोली ऱ्हायनी?"

"येडी शे."

"येडी नई रे, मडम शे. लुगडं नेसेल मडम."

मी मान ताठ ठेवून चालले. आतून लाजेने जीव अर्धा झाला होता, पण ते त्यांना कशाला कळू द्यायचं? जळगावची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते हवं होतं. एका कोटवाल्या माणसापुढे जाऊन मी म्हटलं, "जळगाव. मोंत्रे म्वा, सिल वू प्ले." तो गोंधळला, हसला, आणि हात करून त्याने पलीकडचा फलाट दाखवला. नानांची ती फाटकापर्यंत येणारी म्हातारी मला आठवली.

अक्काला एका गाठोड्यावर बसवून मी नळावर तांब्या भरायला गेले. तेवढ्यात अलीकडच्या फलाटावर मुंबईकडे जाणारी गाडी लागली. गर्दी उसळली. आखाजीला निघालेल्या बायकांच्या घोळक्याने अक्काला आपल्यातलीच समजून हाताला धरलं, "ये माय, आठे जागा शे," म्हणत तिला जनाना डब्यात चढवलं. मी तांब्या घेऊन वळले तर गाठोडं जागेवर आणि अक्का खिडकीत, माळ हातात, तोंड नेहमीप्रमाणे गाडीच्या मागच्या बाजूला. तिला वाचता येत नव्हतं. गाडी कुठली, कुठे चालली, तिला कोण सांगणार? आयुष्यभर कोणी चढ म्हटलं की चढायचं आणि उतर म्हटलं की उतरायचं.

गार्डाने शिट्टी फुंकली.

'अक्का, उतर!' माझ्या दातांपर्यंत आलं होतं. एवढे दोन शब्द. ते बोलले तर अक्का खाली, आणि विलायत, शाळा, ते सगळं वर्ष कायमचं संपलं. न बोलावं तर ही म्हातारी, जिने मला भरवलं, न्हाऊ घातलं, ती मनमाडला कुठल्या तरी फलाटावर एकटी उभी. मी इथे लिहून ठेवते म्हणजे कोणाला शंका नको : ती उतरली नसती, तर मी आपल्या भाषेत बोंब ठोकली असती आणि विलायतेला चुलीत घातलं असतं. पण आधी तोंडातून निघालं ते महिनोन्महिने घोटलेलं.

"आरेते! देसांदे! रकूले, रकूले!"

अक्काने मान वळवली. मला पाहिलं. आणि क्षणभरही न थांबता, भोवतीच्या बायकांचे हात झटकून, दाराशी आली आणि पायरीवरून पाठमोरी, मागे सरत सरत, खाली उतरली. जशी दमणीतून उतरायची तशीच. गाडी तिच्यासमोरून निघून गेली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती रोज कोपऱ्यात बसून माळ ओढत होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. असं मला वाटत होतं.

तिने पदर सावरला आणि माझ्या हातातला तांब्या घेऊन घटाघटा पाणी प्यायली. मग पलीकडच्या फलाटाकडे हनुवटीने खूण करून म्हणाली, "चाल." मदत करायची नाही, असं तिला बजावलेलं होतं, म्हणून तेवढंच. मला रडू आलं, पण रडायला भाषा लागत नाही, तेव्हा मी बिनधास्त रडले.

जळगावला काही अडलं नाही. रात्र आम्ही तिथल्या बायकांच्या खोलीत काढली, आणि सकाळच्या गाडीने अमळनेरला उतरलो. आबांच्या दारातल्या कडुनिंबाला झोके बांधलेले होते, माहेरवाशिणी गात होत्या, आत मांड्यांचा वास सुटला होता. आम्हाला पाहून गाणी थांबली. ओट्यावर आबा आणि त्यांची सगळी बैठक. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. बोलायला हरकत नव्हती, अमळनेर आलं होतं, पण मला आबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"अक्का, पोर बोलनी का?"

"एक शब्द बोलनी नई."

बैठकीत कुजबुज झाली. झोक्यावरच्या मुलींपैकी एकीने टाळी वाजवली आणि लगेच हात लपवले. मग आबांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं.

"पन एकली कोठे उनी? तू तं संगे व्हतीस."

सगळी बैठक हसली. खरंच तर! एकटी कुठे आली? अक्का होतीच की. ज्यांनी अक्काला माझ्या गळ्यात बांधलं तेच आता विचारत होते, गळ्यात ही कोण? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता. मी तोंड उघडलं. कुठल्या भाषेत काय बोलणार होते, मलाच ठाऊक नाही.

"आबा," अक्का म्हणाली, "आरेते."

शब्दाचा अर्थ तिथे आम्हा दोघींशिवाय कुणाला कळला नसेल. पण हसू थांबलं. आबांचं हसूही.

"मी तिले नई आनं," अक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तिनी मले आनं. चाळीसगावले मी चुकनू, ती नई. मी सोबत नई व्हतू, मी तिनं गठुडं व्हतू." मग माझ्याकडे हात केला. "कागद काढ."

मी कागद काढला.

"काय लिखेल शे कागदवर? वडीलधारं मानूस." तिने ओट्यावरच्या सगळ्या पागोट्यांवरून एकदा नजर फिरवली आणि आबांवर थांबवली. "तुन्हा परीस मोठं कोन शे आठे?"

आबांचं पान चघळायचं थांबलं. ते तिच्याहून लहान होते, ते तिच्या कडेवर वाढले होते, आणि हे अमळनेरात कुणाला सांगायची गरज नव्हती. फक्त आजवर कोणी त्याचा हिशेब धरला नव्हता. मीसुद्धा नाही. इतके महिने मी आबांच्या सहीसाठी जीव टाकत होते, आणि घरातलं वडीलधारं माणूस दमणीत माझ्या पाठीला पाठ लावून बसलेलं होतं.

"बाईना आंगठा कोठे चालस?" बैठकीतून कोणी तरी म्हणालं.

अक्का ओट्यावर चढली. ज्या ओट्यावर बायका पुरुष बसलेले असताना चढत नाहीत, त्यावर. आबांच्या पुढ्यातली दौत ओढली, अंगठा शाईत बुडवला, आणि तो काळा अंगठा माझ्यापुढे धरून उभी राहिली.

"मोंत्रे म्वा," ती म्हणाली.

मी तिला जागा दाखवली.

फंडवाल्यांनी अंगठा मानला. त्यांनी वडीलधारं माणूस मागितलं होतं, आणि ते त्यांना मिळालं होतं. आबा सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत. ते सहा महिने फार सुखाचे गेले.

पुढे पॅरिसात नानांचे हुकूम कामाला आले का, असं लोक मला अजून विचारतात. आले. भाड्याच्या मोटारवाल्याला रस्ता पाठ होता, त्याला माझ्या आ गोशची गरज नव्हती. पण स्टेशनावर एका आडदांड हमालाने माझी ट्रंक पळवायला घेतली तेव्हा मी "रकूले!" म्हणून ओरडले. हा शब्द बहुधा तिकडेही खेचरांनाच म्हणतात. तो मागे सरला.

पण मला वाट आठवते ती धुळ्याच्या स्टेशनापर्यंतची. निघायच्या दिवशी नानांनी दमणी दारात आणली. ट्रंक चढली, मी चढले आणि माझ्या जागी पुढे तोंड करून बसले. मागून अक्का चढली. मी तिच्या कोपऱ्यात सतरंजी सारखी करायला लागले. तिने माझा हात बाजूला केला, वाकून पुढे आली, मला सरकवलं आणि माझ्या शेजारी बसली. नाना वळून बघत राहिले. पांढऱ्या केसांवरचा पदर तिने घट्ट केला, एका हाताने पडदा वर धरला आणि समोरचा रस्ता बघितला. बराच वेळ बघितला. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्याकडे येत होता.

"कथा जानं शे, अक्का?" नानांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तू द्रुआ," अक्का म्हणाली, आणि नानांनी कासरा हलवायच्या आधीच बैल निघाले.